भाता

सिंदेवाहीचा दवाखाना, मण्यार चावल्याची तिसरी रात्र.
पापण्या मिटलेल्या, कान जागे;
देवकाबाईचा भाता आता यंत्र ओढतं.
डॉक्टर ब्रह्मपुरीच्या वाटेवर.

पडद्यावर नवी ओळ: मिनिटाला अठरा करा.
खाली हिरवं बटण, मान्य.
"कोन सांगते हे?" लोहार विचारतो.
लाखो श्वास मोजलेत त्यानं, मी म्हणते.
"इचा येक तरी?"

तेवढ्यात लाटेला खाच पडते.
पडदा म्हणतो: तालभंग.
तो उठतो, कोळशानं काळं नख
काचेवर टेकवतो:
"थांबा, सिस्टर.
थकली का हात बदलते ते,
अशीच."

माझं बोट बटणावर अधांतरी.
खाच मोजते. एक.
बराच वेळ काही नाही.
मग

दुसरी.