मांडवाची उंची

कॉलेज रोडच्या काचेच्या ऑफिसात
इव्हेंटवाल्याने विचारलं, "थीम काय ठेवायची?"
आणि लॅपटॉप आमच्याकडे वळवला.
पडद्यावर कुठला तरी परदेशी द्राक्षमळा,
कमानीला लटकवलेले प्लॅस्टिकचे घोस.
"सध्या नाशकात हेच चालतंय."
माझ्या पर्समध्ये रिफ्रॅक्टोमीटर होता,
बोटांना सकाळच्या अठरा ब्रिक्सचा चिकटा.
यदुनाथने पाण्याचा ग्लास उचलला,
ठेवला, पुन्हा उचलला.
तराजू दुरुस्त करणारा माणूस,
हातात येईल त्याचं आधी वजन करतो.
जिना उतरताना म्हणाला, "तीनशे दहा ग्रॅम. पाण्यासकट."
मी हसत सुटले.
त्या दिवसाचं नियोजन एवढंच झालं.

मग त्याच्या भांडीबाजारातल्या दुकानातली
पाठकोरी पावतीपुस्तकं घेतली आणि लिहायला बसलो.
अक्षता माणशी पाच ग्रॅम (हे त्याचं).
मंगलाष्टकं आत्याच्या आवाजात, माइक नको (हे माझं).
डीजे नाही.
त्याखाली माझ्या भावाच्या अक्षरात: डीजे, बघू.
आहेरात जुना पितळी तराजू ठेवायचा,
एका पारड्यात तो, एका पारड्यात मी,
असलं काही सुचलं आणि लगेच खोडलं.
आम्हाला आमचीच लाज वाटली.

फाल्गुनात तोडणी, मला रजा नाही.
वैशाख उरला.
तेव्हा मी म्हटलं, मामाची जानोरीची बाग.
तारांचा मांडव आहेच उभा,
दुसरा कशाला घालायचा?

आई पोळी लाटता लाटता थांबली.
"वैशाखात? खरड छाटणी झालेली असेल.
पान नाही, घोस नाही,
बोडक्या बागेत उभी करू मुलीला?"

शब्द घरात पडला आणि तिथेच राहिला.
समोर यदुनाथची आई बसली होती,
मोकळं कपाळ, मांडीवर पर्स.
अकरा वर्षं झाली,
कुणाच्या हळदीला बोलावलं
तर त्या भाजी निवडायला मागच्या बाजूला जातात.
आईच्या हातातलं लाटणं
पोळीवर नुसतं इकडून तिकडे.

इंदुमतीबाईंनी चहाचा शेवटचा घोट घेतला.
"मी यायचंय ना त्या मांडवात?" म्हणाल्या,
"मग बाग कशीही चालेल."
आणि कप उचलून स्वतःच विसळायला गेल्या.

पावतीपुस्तकात त्या रात्री एकच ओळ:
अंतरपाट. एक टोक आई, एक टोक आई.
कोणती कोणाची, ते लिहिलं नाही.

रविवारी टेप घेऊन बागेत गेलो.
तोडणी संपलेली, पानं तांबूस, कोरडी,
कुठेतरी मण्यांचा एक विसरलेला झुपका सुरकुतत होता.
तारा मधेच सैल पडलेल्या.
यदुनाथ टेप धरून उभा राहिला:
"सहा फूट. मी पाच अकरा.
फेटा बांधला तर अडकेल."
मामा म्हणाले, "बागेत सगळेच वाकतात, जावई.
सवय होते."

मी खोडावर हात ठेवला.
छाटणी येत्या गुरुवारी.
मामा बोटांवर मोजत होते,
दहाव्या दिवशी डोळे फुगतात,
बाराव्याला फुटतात,
उकाडा जास्त असेल तर एक दिवस आधी.
लग्न बाराव्या दिवशी.
अंतरपाटाच्या अलीकडे मी, पलीकडे तो,
आम्हाला एकमेकांचं काही दिसणार नाही,
आणि डोक्यावर तारेभर उघडणारे
गुलाबी, ओले, हजारो डोळे.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर इव्हेंटवाल्याने थीम म्हटलं असतं.

पत्रिकेचा मसुदा भावाने टाइप केला आहे.
"आपली उपस्थिती हाच आहेर" काढून
तिथे यदुनाथने घातलं:
स्थळ, मामांचा मांडव, जानोरी.
कृपया वाकून यावे.

आईने चष्मा लावून दोनदा वाचलं.
"येतील लोक," म्हणाली,
"पण वैशाखाचं ऊन आहे, मांडवाला पान नाही.
सावलीचं काय?"

सावलीचं अजून ठरलेलं नाही.