ताटली

पहिली अट सांगितली : चेंडू मारायचा नाही.
आठवडाभर नुसता वर फेकायचा
आणि पडू द्यायचा.

पोरी हसल्या. तरन्नुम म्हणाली, सर, ह्यात खेळ कुठाय?
मी चुन्याने तिच्या डाव्या पायापुढे,
उजव्या खांद्याच्या रेषेत,
ताटलीएवढा गोल काढला.
ह्यात पडला पाहिजे. वाढल्यासारखा.

खडकीत, फॅक्टरीच्या क्वार्टर्समागे आमचं मैदान.
एक खांब जुन्या पाण्याच्या पाइपाचा,
नेटला तीन जागी सुतळीच्या गाठी.
साडेपाचचा भोंगा झाला की सराव.
समोरच्या कोर्टात, पाच नंबरच्या जागेत
एक कुत्रं झोपतं. लिबेरो म्हणतो आम्ही त्याला.
आमच्या सर्व्हिसा तिथवर येत नाहीत
हे त्याला पक्कं ठाऊक.

तीस वर्षं स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजले,
मोजायची खोड जात नाही.
अश्लेषा कांबळे : गेल्या मोसमात नेटमध्ये एकवीस.
वहीत आहे.
वहीत नाही ते हे, की प्रत्येक शिट्टीनंतर
मी लाइनीबाहेरून ओरडत होतो
कोपर वर, मनगट ताठ, अंग पुढे, बघ, अगं बघ ना!
सर्व्हिसला मिळतात आठ सेकंद,
त्यात माझ्या अकरा सूचना.

मग नोव्हेंबरात घसा बसला.
शब्द फुटेना. खुर्ची ओढून नुसता बघत बसलो
आणि दिसलं.
हात बरोबर होता पोरीचा.
चेंडूच भलतीकडे जात होता,
आणि हात त्याच्यामागे,
बोपोडीच्या स्टॉपवर सुटलेल्या पीएमटीमागे
डबा सांभाळत धावावं तसा.

म्हणून ताटली.
सोमवारी चाळिसात सहा. गुरुवारी एकोणीस.
शनिवारी मोजायचं विसरलो,
असं माझं कधी होत नाही.

भोसरीच्या मॅचला तिसरा सेट, तेवीस-चोवीस.
सर्व्हिस अश्लेषाची.
मी तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा धरला,
बोलताच येऊ नये म्हणून.
तिने चेंडू दोनदा आपटला. तळहात पुसला.
फेकला.
सरळ गेला वर, गिरकी न घेता,
आणि कुणी नाव विचारल्यासारखा
क्षणभर थांबला.

पट्टीला लागला. आमच्याच बाजूला पडला.
मॅच गेली.

टेम्पोत कुणी बोललं नाही.
तिने खिडकीला डोकं टेकलं होतं.
मी वही काढली. नेट : एक.
मग पट्टी नव्हती म्हणून तिकिटाच्या कडेने
शेजारी एक नवा रकाना आखला,
वर लिहिलं : फेक.
खाली एक बरोबरची खूण.
वही तिच्या मांडीवर ठेवली, उघडीच.

दुसऱ्या दिवशी मैदानावर पोचलो
तर भोंगा अजून व्हायचा होता.
ताटली नव्याने आखलेली, जरा वाकडी.
धप्. मग बराच वेळ काही नाही. मग धप्.

पलीकडे लिबेरो उठला,
अंग झाडलं,
आणि चार पावलं सरकून
रेषेबाहेर जाऊन झोपला.