पिवळ्या घराचे

गुरुवारी, साडेसातची फेरीबोट येऊन गेल्यावर,
हेल्गानेसच्या चर्चमागच्या खोलीत
अकरा माणसं एका ग्रीक शब्दाभोवती बसली.
कॉफी माझ्याकडे होती, म्हणून मी बारावी.

फेरो बेटांच्या नकाशात आमचं गाव
दुमडीत येतं.
तरी शब्द आला. सगळे येतात.

कोपनहेगनहून शिकून आलेल्या पोउल्लने
फळ्यावर त्याचा विग्रह केला: पुरुष, अधिक बिछाना.
"पण समासाचा अर्थ बेरजेत नसतो," तो म्हणाला.
"डॅनिशमध्ये फुलपाखराला उन्हाळपक्षी म्हणतात.
त्याची अंडी काढायला कुणी कड्यावर चढतं का?"
कुणी हसलं नाही.
आमच्याकडे अंडी काढताना माणसं मेली आहेत.

त्रोंदुर उठला. मेंढ्या चारशे, आवाज त्याहून मोठा.
"पाप म्हणजे पाप. शब्द सैल केला
की कुंपण सैल."
पोउल्ल नरमाईने म्हणाला, मुळात त्या शब्दाचा अर्थ
नेम चुकणं एवढाच आहे,
बाण जागेवर न लागणं.

"नेम कुणावर धरला होता,
ते लिहिलंय का?" मागून बारदुरने विचारलं.

बारदुर जाळी विणतो.
एकेचाळीस वर्षं हानुसबरोबर राहतो.
गावाने त्यांना नाव दिलं नाही,
त्यामुळे नावंही ठेवली नाहीत.
पिवळ्या घराच्यांना दोन मासे देऊन ये.
पिवळ्या घराच्यांची गाय व्याली म्हणे.
एवढंच.
याला सभ्यपणा म्हणावं की भीती,
माझं अजून ठरत नाही.

आमच्याकडे कोकराच्या कानाला चीर देतात,
कुणाचं कोणतं ते कळावं म्हणून.
प्रत्येक चिरेला वेगळं नाव आहे.
मी कोकरू धरायचे, बाबा सुरी चालवायचे.
दुखत नाही, म्हणायचे.
तुम्हाला कसं ठाऊक,
हे विचारायचं राहून गेलं.

साडेदहापर्यंत शब्दाचा कीस पडला.
कुणी जुनी भाषांतरं उघडली, कुणी आजीची शपथ घातली.
शेवटी ठरलं की मतदान पुढल्या महिन्यात,
तोवर शब्द पेन्सिलीने लिहायचा.
पाद्रीबुवांनी पेन्सिल खिशात ठेवली.

मी कप विसळत होते तेव्हा बारदुर येऊन उभा राहिला.
गेल्या हिवाळ्यात हानुसला बोटीतून इस्पितळात नेलं,
तिथल्या फॉर्मवर एक रकाना होता: नातं.
"पेन धरून बसलो," तो म्हणाला.
"मागे रांग लागली.
मग घरचा फोन नंबर लिहिला."

"चालला?"

"नर्स म्हणाली, उचलाल ना?
म्हटलं, पहिल्या रिंगला."

मग त्याने उरलेल्या केकचे दोन तुकडे
रुमालात बांधले,
एक मोठा, एक लहान,
आणि वाऱ्यात दार लागत नव्हतं
ते खांद्याने लावून घेतलं.