आडनाव

भाट आला तेव्हा धानाची मळणी उरकत आली होती.
आठ-दहा वर्षांनी येतो, ढोल्या भरल्या की बरोबर.
या खेपेला मोटारसायकलवर, मागे नातू,
नातवाच्या मांडीवर लाल फडक्यात वही.

झनकलाल काकाने सपरीत बाज टाकली,
भाटाच्या पायांवर पाणी, वहीला हळदकुंकू.
मग गेंदालाल भाट खाकरला
आणि त्याने आमच्या कुळाला घोड्यावर बसवलं.

केवढे घोडे!
अग्नीतून निघालेला पहिला पुरुष, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा,
कुणी गड बांधला, कुणी तळं खोदलं,
एकाच्या दारात बत्तीस हत्ती झुलायचे,
एकाने शेजारच्या राजाचं तोरण उतरवून
आपल्या गोठ्याला लावलं.
शेजारचा राजा म्हणजे त्याचाच मेहुणा.
इथे भाटाने आवाज चढवला,
काकाने मिशीवरून हात फिरवला, मिशी नसताना.

पानं उलटत गेली.
मेहुण्याच्या नातवाने यांच्या नातवाचं तोरण उतरवलं.
उत्तरेला धूळ उठली तेव्हा
याने त्याला सांगावा धाडला,
तो म्हणाला, आधी त्या तोरणाचं बोल.
पुढच्या पानावर गड नाही.
एकदम बंड्या, बैल, नर्मदा, सातपुडा,
आणि वैनगंगेच्या अलीकडचं हे रान.

मधलं? मी विचारलं.
मधलं पान चिकटलंय, भाट म्हणाला. ओल लागली.

आमचं आडनाव शरणागत.
तिरोड्याच्या शाळेत हजेरी घेताना मास्तर थांबायचे:
कोणाला शरण गेले रे तुम्ही?
बाप म्हणायचा, सांग, देवाला.
मी तेच सांगायचो.
पोरं तरी हसायची.

राहू दे ते पान, काका म्हणाला, पुढे वाच.
पण उजेड आडवा पडला होता
आणि कागदातून अक्षरं उलटी दिसत होती.
बत्तीस हत्तींच्या मागच्या बाजूला
कुणी एक असेल, ज्याने तलवार मातीत ठेवली,
म्हणाला, मारू नका, पोरं लहान आहेत.
मग चालत राहिला.
कुठल्याशा गोंड पाटलाच्या दारात उभा राहून म्हणाला,
जागा दे, बोडी खोदून देतो.

बोडी आहे अजून.
यंदा मृगाने दगा दिला तर तिच्याच पाण्यावर पऱ्हे जगले.
गड आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नाही.

भाटाने नवी नावं मांडली,
पुतण्याची पोरगी खुमेश्वरी धरून, त्याचे शंभर जास्त घेतले.
मी म्हटलं, चिकटल्या पानाच्या पाठीवर एक ओळ घाला:
इथून एक जण जिवंत निघाला.

गेंदालालने टोपण लावलं.
बराच वेळ ओठ हलवून पाहिले त्याने.
मग म्हणाला, हे चालीत बसत नाही, बाबू.

मोटारसायकलला पोतं बांधून दोघं निघाले.
पोत्याला कुठेतरी भोक होतं.
बोडीच्या वळणापर्यंत धानाची बारीक रेघ,
तिच्यावर चिमण्या.