पालथी

मंडई आटोपली की नदी आमच्याकडे पाठ करते.
वैनगंगा पोटऱ्यांवर येते, मग घोट्यांवर,
ग्रामपंचायत मुरूम टाकून रपटा बांधते
आणि पलीकडची माणसं
आमच्याकडे न बघता मोटरसायकलनं निघून जातात.
तेव्हा नाव वर काढायची.

नऊ माणसं लागतात. दहावा आरडाओरडा करायला.
यंदा दहावा इस्तारी होता, कंबर गेलेला.
"हळू घ्या बे, बाळतीन हाये थे!" म्हणत
चढावरनं पुढे पुढे उलटा चालत राहिला.

काढली. आता ठेवायची कुठं?
शाळेच्या वऱ्हांड्यात, तर गुरुजी म्हणाले ठराव लागेल.
सोसायटीच्या गोदामात धान, छतापर्यंत.
देवळाचा मंडप नाटकवाल्यांनी धरलेला.
त्यांच्या मॅनेजरला नाव मात्र आवडली,
एक रात्र द्या म्हणाला, तिसऱ्या अंकात बुडवायची आहे.
आमच्या घरचे काही बोलले नाहीत.
नावेच्या कडेवर हात ठेवून उभे राहिले,
बैलाला गिऱ्हाईक आलं की राहतात तसे.

मग आमचीच सांदवाडी.
वांग्याची झाडं उपटली, कोंबड्यांचा खुराडा सरकवला,
चार धोंडे, त्यांच्यावर मोहाचे ओंडके,
धोंड्यांभोवती चुलीतली राख, उदईला वाट नको म्हणून.
नाव पालथी.
ट्रॅक्टरवाल्या शकीलकडून जळकं ऑइल आणलं
बिनझाकणाच्या डब्यात,
जुन्या लुगड्याचा बोळा करून मीच चोळलं.
वर तणस. तणसावर युरियाच्या पोत्यांची शिवलेली गोधडी.
आणि आठवड्यातून दोनदा ओलं बारदान,
कारण फार वाळल्या की फळ्या एकमेकींशी बोलणं सोडतात
आणि आषाढात त्या अबोल्यातून पाणी आत येतं.
हे सासूनं सांगितलेलं.
तिचं माझ्याशी फारसं पटत नव्हतं.

एका रात्री यांनी तणस सारलं,
प्रणयला मोबाईल घेऊन खाली घातलं.
तो आत उजेड फिरवायचा,
हे बाहेर अंधारात, हातात शाळेतला खडू.
जिथं उजेड गळला तिथं फुली.
अकरा फुल्या झाल्या.
मी दारातून बघत होते. माझ्या साऱ्या घरात
यांनी कधी एवढं वाकून काही शोधलं नव्हतं.

पौषात वालाचा वेल चढला तिच्यावर,
शेळ्या खाली बसू लागल्या. मी हाकलल्या नाहीत.

माघात गारा आल्या.
तिन्हीसांजेला, लिंबाएवढ्या, आधी एकदोन, मग सगळ्या.
घरावरची कवेलू पापडासारखी फुटू लागली.
आम्ही कुठं पळालो हे पळाल्यावर कळलं:
मी, हे, प्रणय, तीन शेळ्या,
आणि विस्तव मागायला आलेला इस्तारी
रिकामी टोपली डोक्यावर धरून.
एवढे जीव नदीवर चढले असते
तर हे म्हणाले असते, दोन खेपा करू.

गारा बुडावर पडत होत्या,
जिथं आजवर नदीचाच हात लागलेला.
आत जळक्या ऑइलचा वास, शेळीचा वास,
कुणाचा गुडघा कुणाच्या पाठीत.
कुणी बोलत नव्हतं.
मग इस्तारीनं अंधारातून विचारलं,
"कोनत्या थडीले लागतो आता?"
हे म्हणाले, "पैसे काढ आंधी."

सकाळी वेल जमिनीवर, गोधडीच्या चिंध्या.
मी कवेलूंचे तुकडे वेचत होते, एकशे बारापर्यंत मोजले.
हे आधी सांदवाडीत गेले,
नावेभोवती एक फेरा घातला, हात फिरवत,
खिशातून खडू काढला,
एक फुली वाढवली,
आणि मग घराकडे बघितलं.