दोन पेरं पाणी

सातवीत आम्ही एकाच बाकावर.
बोढे गुरुजींचं त्रैराशिक मला यायचं, कवडूला नाही.
तीन मजूर, बारा दिवस, एक विहीर,
तर हा उठून विचारायचा,
गुरुजी, खाली मुरूम हाय का खडक?
गुरुजी छडी शोधायचे.

मी पुढे पतसंस्थेत लागलो. तो चुलवणापाशी.

आता प्रांजूच्या लग्नाचा हिशोब घेऊन
मीच त्याच्या अंगणात बसलेला.
सातशे माणसं, माणशी इतका तांदूळ, इतकी डाळ,
खाली दोन रेघा ओढून उत्तर.
कवडूनं कागद उलटापालटा केला
आणि त्याच्यावर खर्ऱ्याची पुडी ठेवली.

"सातशे कोनं सांगतले?"
पत्रिका तेवढ्या आहेत.
"पत्रिका जेवत नाई बाप्पा.
वार कोनता? सोमवार. म्हंजे तालुक्याचा बजार, शंभर काढ.
हरबऱ्याची सोंगनी चालू राहीन,
बाया दिवस बुडाल्यावर येतीन, पन उपाशी येतीन,
त्याईले एकीले दीड धर.
पल्याडच्या गावात त्याच दिवशी लग्न हाय, तिकडं जिलेबी हाय,
पोट्टे तिकडं पयतीन.
शेवटची यष्टी साडेआठची,
सोयऱ्याइतले अर्धे पहिल्याच पंगतीत बसतीन.
आन् म्हाताऱ्याइले पोळी नाई चालत, भात लागते.
दात मोजून घे."

अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता.
ओठ हलत नव्हते.
"पाचशे साठ," म्हणाला. मग थांबला.
"तुहे बाबूजी?"

मी त्याच्याकडे नुसता पाहत राहिलो.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानंच तर खांदा दिला होता.
"मालूम हाय. पान त वाढा लागन.
पाचशे एकसष्ट."

ही मोजणी त्याच्या आईची.
ह्याच्या आधीची तीन गेली,
म्हणून हा झाला तेव्हा तिनं सुईणीच्या हातावर एक कवडी ठेवली
आणि स्वतःचंच लेकरू विकत घेतलं.
जनगणनेचे मास्तर दारात आले
की म्हातारी सांगायची, लेकरं चार.
मास्तर पेन उचलून विचारायचे, घरात किती, बाई?
"चारच लिवा. एक दिसते."

लग्नाच्या दिवशी मी मोबाइलचं कॅलक्युलेटर उघडून
गंजाशेजारी उभा.
त्यानं तांदूळ ओतला, तळहातानं सपाट केला,
मधलं बोट टेकवलं: वर दोन पेरं पाणी.
आणि हा दुसरा, मोठा गंज? दोन पेरं.
तो पातेल्यातला, पाच जणांचा? दोन पेरं.
मी मनात घनफळ मांडायला घेतलं,
धूर डोळ्यात गेला, राहून गेलं.

मीठ तरी पाचपट?
शंभराला एवढं, तर पाचशेला...
"थे गुरुजीचं गनित. मीठ असं नाई चढत.
मान्सं दुप्पट झाले म्हून तिखट दुप्पट टाकलं
त सोयरे रातभर तुह्या नावानं पानी पेतीन.
लाकडं बी दुप्पट नाई लागत.
इस्तव एकदा मोठा झाला का आपल्यालेच धरून राह्यते."
मग कसं चढतं?
त्यानं झाऱ्यानं हवेत एक रेघ काढली,
आधी उभी, मग वाकत वाकत
शिवारामागच्या टेकडीसारखी जवळपास आडवी झालेली.

ही रेघ मला कॉलेजात भेटली होती.
तिचं नाव पाठ केलं होतं, पेपरात आलं होतं,
चव कधी पाहिली नव्हती.

साडेदहाला शेवटची पंगत उठली.
बाबूजींच्या पानाभोवती मुंग्यांची ओळ लागलेली.
गंजात दीड झारा भात आणि तळाची खरवड.
कवडू विटेवर बसून तीच खात होता.
मी म्हटलं, गड्या, कुठं कमी नाही पडलं, वाया नाही गेलं.
तो बोलला नाही. बोट चाटलं,
जिभेवर काहीतरी मोजत थांबला.

"वरनाले मीठ," म्हणाला, "जरासं कमी झालं."