अठ्ठावीस व्होल्ट

कारा-केचेच्या उतारावर दिवे पिवळे पडत गेले.
आधी वाटलं, काचेवर धूळ आहे.
उतरून पुसली. धूळ नव्हती.
अठ्ठाविसावर हवा असलेला काटा
चोविसावर आला, मग तेविसावर,
आणि मग जेवण झालेल्या पाहुण्यासारखा
एका अंगाला कलला, तो उठेचना.
मागे बारा टन कोळसा.
नारीनमध्ये पहिला बर्फ पडून गेलेला.

सेयितकाझीचं गॅरेज म्हणजे
पुलापलीकडे अर्धा पुरलेला कंटेनर.
त्यानं अल्टरनेटर टेबलावर ठेवला
आणि आधी नाक लावलं.
"जळलेलं नाही. वायंडिंग जळलं की वास येतो,
शाळेच्या बाकाला आग लागल्यासारखा."
मग चार बोल्ट.
कार्बन झिजून नखाएवढे.
बेअरिंग त्यानं कानाशी फिरवलं, माझ्याही कानाशी धरलं:
आत कुणीतरी वाळू चावत होतं.
एका डायोडला दिवा लावला तर
तो इकडूनही पेटला, तिकडूनही.
"दोन्हीकडं उघडतं ते दार नव्हे, शाबदान."

आणि रिंगांवर चर.
"एकदा लेथवर धरता येतील. एकदाच.
पुढच्या खेपेला खाली तांबंच नसेल."
सहा हजार सोम. दोन दिवस.

आयझिरेकनं बिश्केकहून फोटो पाठवलाय:
नवा, चौदा हजार, वर्षाची हमी,
उद्या सकाळच्या मार्शरुत्कानं येईल.
खाली लिहिलंय, बाबा, प्लीज.

तसलाच एक फळीवर होता, कुणीतरी परत केलेला.
सेयितकाझीनं बटाट्याच्या तराजूवर
आधी तो टांगला, मग माझा.
सातशे ग्रॅमचा फरक.
सातशे ग्रॅम तांबं कुणीतरी कुठेतरी
वाचवलं होतं.
मी हसलो. तो हसला नाही.
"वाईट नाही तो. दोन हिवाळे जाईल.
माझ्या हातचा किती जाईल, ते शपथेवर नाही सांगत.
बारीक तार आता मला दिसत नाही,
नातू मोबाईलचा उजेड धरतो, तेव्हा कुठे."

मी बाहेर जाऊन ट्रकभोवती एक फेरी मारली.
इंजिन बदललं ते आयझिरेक चालायला लागली त्या साली.
गिअरबॉक्स दोनदा. रेडिएटर ओशहून आणलेला.
सीट दुसऱ्या ट्रकची, काच तिसऱ्या,
नंबरप्लेटसुद्धा सरकारनं नवी दिली.
जुनं म्हणून उरलंय काय?
डावं दार. तेही लाथ घातल्याशिवाय लागत नाही.
आणि हा टेबलावर उघडा पडलेला,
वीतभर लोखंड, त्यात गुंडाळलेली
किती मैल लांब कोण जाणे, तार.
मग कशाची एवढी माया?

डिझेलला वीज लागत नाही.
एकदा सुरू झालं की पेटत राहतं, फक्त बंद करायचं नाही.
दिवसाउजेडी निघायचं, हॉर्न विसरायचा,
थांबायचं ते उतारावर.
पण पट्टा ताणायला काहीतरी हवंच,
त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप.
म्हणून सेयितकाझीनं भंगारातून
एक मेलेला अल्टरनेटर काढून बसवला.
वीज शून्य. नुसता फिरतो.
"घेऊन जा. पंपाला कळणार नाही."

हो किंवा नाही, मी काहीच बोललो नव्हतो.
मान वर केली तर म्हाताऱ्यानं
माझ्या रिंगा पुसायला घेतलेल्या,
नातू शेजारी, उजेड धरून.

नऊ वाजता निघालो.
कालिपाएजेच्या अंगणात पहिली दोन टन ओतली,
इंजिन चालू ठेवून.
तिनं चहा आणला तो उभ्यानं प्यायलो,
एक डोळा काट्यावर.
नळावरची पोरं कोळशाचे तुकडे वेचत होती.
फोन वाजला.
"काय ठरलं, बाबा?"
"ऐकू येत नाही," मी म्हणालो,
"इंजिन चालू आहे."
ती थोडा वेळ गप्प राहिली.
तिला ते ऐकू येत होतं.